कापसाचा हिशेब आणि झाडूचा हिशेब

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात होणाऱ्या या स्थलांतरावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. तथापि, घर मिळाले म्हणजे संसार चालला असे होत नाही. तो ज्या मजुरीवर चालायचा ती कोठे ठरते आणि कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र या चर्चेत बाजूला राहिला.

आजोबा गिरणीत होते तेव्हा त्याचे उत्तर सोपे होते. त्यांचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर असे आणि मजुरीचा झगडा मालकाशी उघड्यावर होत असे. नातू आज एखाद्या कारखान्याच्या दारावर रक्षक म्हणून उभा असतो, तेथल्या उपाहारगृहात ताटे वाढतो किंवा यंत्रांभोवतीची जमीन पुसतो. तो त्या कारखान्यात रोज जातो, पण कारखान्याच्या पगारपत्रकात त्याचे नाव नसते. त्याची नोंद खरेदीखात्याच्या कागदांत, वंगण, झाडू आणि छपाईचा कागद यांच्या शेजारच्या ओळीत सापडते. त्याची मजुरी ठरविणारा अधिकारी कामगार अधिकारी नसून खरेदी अधिकारी असतो. म्हणून या खात्याचा कारभार कसा चालतो आणि कसा चालावा, हा केवळ कंपनीच्या संचालकांच्या चिंतेचा विषय मानता येत नाही.

कारखानदारीत या कामाला अप्रत्यक्ष खरेदी असे म्हणतात. जो माल तयार वस्तूत उतरतो, म्हणजे कापडात कापूस आणि मोटारीत पोलाद, त्याची खरेदी प्रत्यक्ष. जे वस्तूत उतरत नाही, पण ज्याच्यावाचून वस्तू तयार होत नाही, ते सारे अप्रत्यक्ष. यंत्रांचे सुटे भाग, तेल, पट्टे, हातमोजे, संगणक, लेखनसामग्री, कामगारांची ने-आण, सफाई, पहारा, उपाहारगृह, जाहिरात, प्रवास, वकिलाची फी, असे हे लांबलचक गाठोडे आहे. कापसाचा भाव खंडीमागे शंभर रुपयांनी चढला तर मोठा साहेब त्याच दिवशी बैठक बोलावतो. झाडू, दोरी, दिवे यांचा भाव दुपटीने चढला तरी वर्षअखेर हिशेब तपासणारा येईपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

असे का व्हावे? प्रत्यक्ष खरेदीला एक धनी असतो आणि अप्रत्यक्ष खरेदीला पंचवीस धनी असतात, हे त्याचे पहिले कारण होय. देखभाल खाते आपले तेल मागविते, प्रशासन खाते आपला पहारेकरी आणते, विक्री खाते आपली जाहिरात छापून घेते. प्रत्येकाची रक्कम लहान दिसते आणि बेरीज कोणीच करीत नाही. दुसरे कारण मनोवृत्तीचे आहे. असल्या फुटकळ बाबींत लक्ष घालणे म्हणजे दात कोरून पोट भरणे, अशी व्यवस्थापकांची समजूत असते. ती चुकीची आहे हे साध्या अंकगणिताने दाखविता येते. समजा, एखाद्या कारखान्याची वर्षाची विक्री शंभर कोटी आहे, अप्रत्यक्ष खरेदी पंधरा कोटी आहे आणि नफा पाच कोटी. या पंधरा कोटींत नीट कारभाराने दहा टक्के वाचले तर दीड कोटी रुपये सरळ नफ्यात जमा होतात. तेवढाच नफा विक्री वाढवून मिळवायचा तर, नफ्याचे प्रमाण तेच धरल्यास, तीस कोटींचा माल अधिक विकावा लागेल.

हा धडा शिकण्यासाठी मुंबईकराला परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. गिरणगावात या खात्याला नुसते स्टोअर म्हणत. चात्या, कांड्या, धोटे, फण्या, चामडी पट्टे, खळीसाठी लागणारा स्टार्च, चात्यांचे तेल, बॉयलरचा कोळसा असा नाना प्रकारचा माल तेथे उतरत असे. यांतील एकच वस्तू उदाहरणादाखल घेऊ. साच्यातील धोट्याला तडाखा देणारा पिकर म्हणजे चामड्याचा एक लहानसा तुकडा. तो निकृष्ट निघाला तर धोटा नीट जात नाही, सूत तुटते आणि साचा उभा राहतो. विणकराची मजुरी तुकड्यावर होती, म्हणजे साचा उभा राहिला की मजुरी बुडाली. एवढ्याने भागत नसे. विणलेल्या कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून कापण्याची चाल मुंबईच्या गिरण्यांत होती. अशा कपातींना मर्यादा घालण्यासाठी १९३६ चा वेतन अदायगी कायदा व्हावा लागला. पिकरच्या खरेदीत स्टोअरने वाचविलेले पैसे अशा रीतीने विणकराच्या खिशातून जात. मात्र ते स्टोअरच्या वहीत बचत म्हणून दिसत आणि विणकराचे नुकसान कोणत्याच वहीत दिसत नसे. अप्रत्यक्ष खरेदीचा सारा पेच या एका चामड्याच्या तुकड्यात सामावलेला आहे.

बरे, जी बचत दिसे ती तरी खरी असे काय? मुंबईच्या गिरण्या दीर्घकाळ मॅनेजिंग एजंटांच्या हाती होत्या. प्रारंभीच्या काळात त्यांचे कमिशन सुताच्या दर पौंडामागे पाव आणा असे उत्पादनावर ठरत असे. गिरणीला तोटा होवो की फायदा, एजंटाचा पाव आणा पक्का. पुढे विक्रीवर आणि नफ्यावर कमिशन आले, पण त्याच्या जोडीला कापूस, यंत्रे, स्टोअरचा माल यांच्या खरेदीवरही काही एजंट स्वतंत्र दलाली घेत, किंवा आपल्याच दुसऱ्या पेढीकडून तो माल गिरणीला विकत. खरेदी करणारा आणि विकणारा एकच असेल तर भाव कमी कोणी करावयाचा? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा प्रकार होता. फरक इतकाच, की येथे दळणारा आंधळा नव्हता. १९५६ च्या कंपनी कायद्याने या पद्धतीवरील बंधने आवळली आणि ३ एप्रिल १९७० पासून ती रद्दच झाली. पद्धत गेली, पण तिने शिकविलेले तत्त्व आजही लागू आहे. ज्याला माल हवा तो, दर ठरविणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे चुकते करणारा हे चार निरनिराळे हात असले पाहिजेत. यांपैकी दोन हात एकाच देहाला जोडले गेले की हिशेब कितीही सुबक असला तरी तो विश्वासास पात्र उरत नाही.

खाजगी हातांतून खरेदी काढून सरकारच्या हाती दिली म्हणजे दोष जातो, असाही एक समज आपल्याकडे होता. बीडीडी चाळी बांधणाऱ्या खात्याचाच इतिहास तो समज खोडून काढतो. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत १९२० मध्ये स्थापन झालेल्या या विकास खात्याने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या. याच खात्याने बॅकबेचा समुद्र बुजविण्याचे कामही अंगावर घेतले होते. त्यासाठी जो अवाढव्य ड्रेजर आणला त्याने अपेक्षेइतका गाळ काही उपसला नाही. मागविण्यापूर्वी तळाचा चिखल कसा आहे आणि किती आहे याचा अंदाजच मुळात नीट बांधला गेला नव्हता. खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण वेशीवर टांगले आणि १९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. यंत्र स्वस्त की महाग, हा प्रश्न नंतरचा. आपल्याला नेमके काय हवे हे न ठरविता केलेली खरेदी कोणत्याही भावाने महागच पडते.

पुढे १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर, १९८३ मध्ये, मुंबईतील आणखी तेरा गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. सरकारी खरेदी म्हणजे निविदा, आणि निविदा म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम. लाचलुचपतीला आळा घालण्यासाठी हा नियम झाला आणि त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की चांगला माल थोडा अधिक दर देऊन घेणारा अधिकारी संशयास्पद ठरला आणि वाईट माल कमी दराने घेणारा निर्दोष ठरला. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी खरेदीविषयी नव्या सूचना काढल्या. काही प्रकारच्या कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही वजन देण्याची मुभा त्यांत आहे. सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च नव्हे, हे कागदावर मान्य व्हायला इतकी वर्षे जावी लागली. खेदाची गोष्ट अशी, की सरकार ज्या खोड्यातून बाहेर पडण्याचा प्रयत्न करीत आहे त्याच खोड्यात अनेक खाजगी कारखाने आपण होऊन पाय घालीत आहेत.

मग या खात्याच्या प्रमुखाने करावे तरी काय? मुंबईत त्या तेरा गिरण्या सरकारजमा होत होत्या त्याच वर्षी, १९८३ मध्ये, पीटर क्राल्जिक यांचा खरेदीशास्त्रावरील लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सूत्र आजही उपयोगी आहे. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावे. हिच्यावर पैसा किती खर्च होतो? आणि ही वेळेवर मिळाली नाही तर काय अडते? पेन्सिलीवर पैसा थोडा आणि अडत काहीच नाही. तिच्यासाठी तीन दरपत्रके मागवून चार सह्या घेणे हा माणसांच्या वेळेचा अपव्यय होय. वर्षाचा दर एकदा ठरवून टाकावा आणि विषय संपवावा. उलट एखादे बेअरिंग दोन हजार रुपयांचे असते, पण ते नसेल तर कोट्यवधींचे यंत्र बंद पडते. तेथे भावाची घासाघीस गौण आहे. माल भांडारात आहे ना, हे पाहणे मुख्य. आपल्याकडे बहुधा याच्या उलटे घडते. पेन्सिलीची फाईल जाड असते आणि बेअरिंग आयत्या वेळी कोणी तरी धावत जाऊन आणते.

या आयत्या वेळच्या खरेदीचा बंदोबस्त हे प्रमुखाचे दुसरे काम. माल आधी येतो, बिल मागून येते आणि खरेदीचा आदेश सर्वांत शेवटी तयार होतो, हे वरातीमागून घोडे अनेक कचेऱ्यांत रोज नाचत असते. दरमहा किती आदेश असे मागाहून निघाले आणि कोणत्या खात्यासाठी निघाले, एवढा एकच तक्ता मोठ्या साहेबांसमोर ठेवला तरी निम्मी शिस्त आपोआप येते. मात्र केवळ शिस्तीचा दंडुका उगारून भागणार नाही. खरेदीखात्यातील माणसाने महिन्यातून एक-दोन दिवस यंत्रावर काम करणाऱ्यांबरोबर काढले पाहिजेत. ज्याने तुटलेला पट्टा हातात घेऊन पाहिला नाही तो पट्ट्याचे दरपत्रक वाचू शकतो, पट्टा ओळखू शकत नाही. त्याचप्रमाणे एका माणसाकडे एकच पुरवठादार वर्षानुवर्षे ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या कामाचे मोल केवळ वाचविलेल्या रुपयांवर करू नये. ज्याची बढती नुसत्या बचतीवर अवलंबून आहे तो पिकरच्या जागी पुठ्ठा घेतल्यावाचून राहणार नाही.

हे सारे वस्तूंविषयी झाले. परंतु या खात्याच्या ओळींत माणसेही असतात, आणि तेथे चुकीची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. गिरण्यांच्या आरंभकाळी मजूर पुरविण्याचे काम जॉबर करीत असे. कामावर घेण्याबद्दल तो दस्तुरी घेई आणि त्याची मर्जी फिरली की नोकरी जाई. या जाचावर उपाय म्हणून मुंबईच्या गिरणीमालक संघाला १९३५ मध्ये बदली कामगारांच्या भरतीचे नियम करावे लागले. आजच्या ठेकेदाराच्या हातात मोबाईल आहे आणि त्याची बिले संगणकावर निघतात. पण मजूर आणि कारखाना यांच्यामध्ये उभे राहून दोहोंकडून आपला वाटा काढणारा मनुष्य, या अर्थी तो जॉबरचाच वारस आहे.

त्याची निविदा कशी वाचावी हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कारखान्याच्या एका दारावर आठ तासांच्या तीन पाळ्यांत एक-एक रक्षक हवा आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांत अशा १,०९५ पाळ्या भरतात. साप्ताहिक सुटी आणि रजा वजा जाता एक माणूस वर्षाला सुमारे ३०० दिवस काम करतो. म्हणजे त्या एका दारासाठी तीन नव्हे, तर साडेतीनहून अधिक माणसांचा खर्च धरला पाहिजे. ज्या ठेकेदाराने तिघांचाच खर्च धरला त्याचा दर अर्थातच सर्वांत कमी येईल. तो दर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने वस्तुतः काय विकत घेतले? कोणाची तरी साप्ताहिक सुटी बुडणार, कोणाला तरी दुहेरी पाळी पडणार, हेच त्याने विकत घेतले. दुसरा ठेकेदार किमान वेतन पूर्ण दाखवितो, पण स्वतःचे सेवाशुल्क जवळजवळ शून्य लिहितो. शून्य नफ्यावर धंदा करणारा परोपकारी मनुष्य ठेकेदारीत भेटणे कठीण. त्याचा नफा भविष्य निर्वाह निधीच्या न भरलेल्या हप्त्यांतून, गणवेशाच्या कपातीतून किंवा दोन महिने थकविलेल्या पगारातून निघावयाचा असतो, हे खरेदी अधिकाऱ्याला समजत नाही असे नाही. न समजल्याचे दाखविणे त्याला सोयीचे असते.

कायदाही येथे दुहेरी बोलतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास ती काही अपवाद वगळता मनाई करते. पण सफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार, बागकाम ही कामे सामान्यतः गाभ्याबाहेरची मानते. खरेदीखात्याची प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ही वाटणी अशा रीतीने माणसांनाही लागू झाली आहे. त्याच संहितेत दुसरीही एक तरतूद आहे. ठेकेदाराने मजुरी थकविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणजे स्वस्त निविदेतील खोट कधी ना कधी कारखान्याच्या दारात परत येते. यावरचा उपाय अवघड नाही. किमान वेतन, निधीचे हप्ते, सुट्या आणि बदली माणसांचा खर्च ही रक्कम कारखान्याने स्वतः मांडून निविदेत कायम करावी. ठेकेदारांची स्पर्धा त्यावरच्या सेवाशुल्कापुरती आणि व्यवस्थेच्या गुणवत्तेपुरती ठेवावी. मागील महिन्याचा पगार आणि हप्ते भरल्याचा पुरावा पाहिल्यावाचून पुढचे बिल चुकते करू नये.

जो न्याय मजुराला तोच लहान पुरवठादाराला लावला पाहिजे. पट्टे शिवणारा, छापखाना चालविणारा, चहाचे डबे पोचविणारा हा बहुधा दोन-चार माणसांचा उद्योजक असतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने तर मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरण्यासही प्रतिबंध केला. तरीही लहान माणूस व्याज मागत नाही, कारण मागितले तर पुढचा आदेश मिळणार नाही अशी त्याला धास्ती असते. थकविलेले बिल म्हणजे गरिबाने श्रीमंताला दिलेले बिनव्याजी कर्ज होय. चांगला खरेदी प्रमुख बचतीच्या तक्त्याशेजारी किती बिले मुदतीत गेली याचाही तक्ता लावील.

यावर असा आक्षेप येईल की बाजारात जीवघेणी स्पर्धा आहे आणि ही नीती परवडणार नाही. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण बंद पडलेला कारखाना कोणालाच मजुरी देत नाही, हे गिरणगावाइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु अप्रत्यक्ष खरेदीत बचतीला खरी जागा आहे ती पंचवीस धन्यांनी पंचवीस भावांनी घेतलेल्या एकाच वस्तूत, न लागणाऱ्या सुट्या भागांनी भरलेल्या भांडारात, मागाहून काढलेल्या आदेशांत आणि लागेबांध्यांच्या पुरवठादारांत. ती बचत करायला कष्ट पडतात, बेरजा कराव्या लागतात आणि बड्या खातेप्रमुखांना नाही म्हणावे लागते. रक्षकाची सुटी कापायला मात्र एका सहीपेक्षा अधिक काही लागत नाही. आळशी कारभार नेहमी दुसरा मार्ग पत्करतो आणि त्यालाच काटकसर म्हणतो.

वाणिज्य शाखेचे पुष्कळ विद्यार्थी उद्या अशाच खात्यांत कारकून म्हणून, खरेदी सहायक म्हणून लागतील. त्यांना निविदांचा तौलनिक तक्ता मांडायला शिकविले जाते. सर्वांत कमी आकड्याभोवती वर्तुळ काढायलाही शिकविले जाते. तो आकडा इतका कमी कशामुळे झाला, हे वर्तुळ काढण्यापूर्वी विचारण्याची सवय त्यांना लावणे हे त्यांच्या शिक्षकांचे काम आहे. उत्तर चांगल्या यंत्रात किंवा चांगल्या योजनेत सापडले तर वर्तुळ खुशाल काढावे. ते कोणाच्या तरी बुडालेल्या मजुरीत सापडले, तर तो आकडा कमी नसतो. बाकीची रक्कम कोठल्या तरी चाळीत, कोणाच्या तरी घरखर्चात टाकलेली असते, इतकेच.